हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. हौसेला नसेल, तिच्या प्रदर्शनाला मात्र असते. दिवाळीचा मातीचा किल्ला अंगणात दगडगोटे नि पोत्यांवर उभा राहतो; तेच किल्ले सभागृहात मांडावयाचे म्हटले की भाडे, मेजे, वाहतूक, राखण असा खर्च वाढू लागतो. तो कोणी सोसावा, हा प्रश्न नीतीचाही आहे.

बंगळूरच्या चिकपेटेत दसऱ्यापूर्वी बाहुल्या विकावयास येतात. घरोघर विषम संख्येच्या पायऱ्यांवर त्या मांडल्या जातात. त्यांत मान लग्नात माहेराहून मिळालेल्या लाकडी राजाराणीचा. तिकीट नाही, उलट पाहुण्याच्याच हाती प्रसाद पडतो. परंतु हे प्रदर्शन फुकटचे नव्हे. त्याचे मोल गृहिणीच्या श्रमांत मुरलेले असते, म्हणून ते दिसत नाही, इतकेच.

आम्ही बदलीवर फिरणारी माणसे. परगावच्या मंडळाचे प्रदर्शन पाहतो, वाहवा करतो आणि पुढच्या गावी निघून जातो. भार वाहतात ते तेथेच राहणारे. प्रवेशमूल्य घेण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. ज्याच्यापाशी पैसा नसेल त्याने मेजे उचलावीत. दुसऱ्याच्या पदरमोडीला ‘हौस’ म्हणून आपण मोकळे होतो, कमीपणा त्यात आहे.