प्रश्न विचारायचा कुणाला?

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हा धडा आहे. अंडाशय, वृषण, पाळीचे चक्र, सगळे आकृत्यांसकट. बहुतेक वर्गांत तो ‘घरी वाचून घ्या, आकृती येते परीक्षेला’ एवढ्यावर उरकतो. त्याआधी कधीतरी एका दुपारी मुलींना हॉलमध्ये बसवून पॅडची माहिती दिलेली असते. त्या तासाला मुलांना ग्राउंडवर सोडतात. त्यांना काही होतच नसावे!

काय होते, ते चिठ्ठ्यांतून कळते. नाव न घालता प्रश्न लिहा म्हटले की आठवी-नववीच्या वर्गातून घड्या घालून घालून नखाएवढ्या केलेल्या चिठ्ठ्या येतात. ‘हाताने केल्याने उंची खुंटते का?’ ‘झोपेत जातं, दवाखान्यात दाखवावं लागेल का?’ ‘मिठी मारली तर दिवस जातात का?’ एकीवर नुसते एवढेच होते : ‘माझं एका बाजूचं लहान आहे.’ काय लहान, ते लिहायचा धीर झाला नव्हता. मुलाची चिठ्ठी की मुलीची, तेही कळायला मार्ग नव्हता; उत्तर मात्र दोघांनाही एकच. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या सहसा कुणाच्याच नसतात; दुखले किंवा गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. तेवढ्यासाठी ते पोर किती महिने आंघोळीच्या वेळी स्वतःला चाचपत राहिले असेल.

असले प्रश्न र. धों. कर्व्यांकडेही येत. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३मध्ये जाईपर्यंत चालवले. वाचकांच्या पत्रांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत आणि १९३४चा खटला त्यांच्यावर भरला गेला तो अशाच उत्तरांवरून. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. प्रश्न विकृत आहेत असे धरले, तरी ती विकृती ज्ञानावाचून जाणार कशी, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. कर्वे हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिले.

पुढे २००७मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातल्या चित्रांवरून ओरड झाली आणि महाराष्ट्राने तो शाळांतून बंद केला. तेव्हा आठवीत असलेली मुले आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. त्यांना कुणी काही सांगितले नाही आणि आता पोराने विचारले तर टीव्हीचा आवाज वाढवण्यापलीकडे त्यांना काही सुचत नाही.

‘सांगितले की करून बघतील’ हा आक्षेप जुना आहे. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८च्या मार्गदर्शिकेत त्याचा निकाल लावला आहे : अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत. शिवाय ‘बालक-पालक’ चित्रपटातल्या पोरांना निदान व्हिडिओ कॅसेट पैदा करावी लागत होती. आता फोन उशाशी असतो.

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर २०२४मध्ये सरकारने शाळाशाळांत सीसीटीव्हीची सक्ती केली. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श हेही अनेक शाळा शिकवतात. दोन्ही हवेच. पण पंधरा वर्षांच्या मुलीचा हात तिला आवडणाऱ्या मुलाने धरला, तिला तो हवासा वाटला आणि धडकीही भरली, तर हा स्पर्श कुठल्या रकान्यात घालायचा? मोठी माणसे फक्त धोक्याविषयी बोलतात, तेव्हा आपल्याला वाटते ती ओढ गुन्ह्यातच जमा असणार, असे मूल समजून घेते. मग तोच मुलगा पुढे फोटो दाखवून धमकावू लागला, तरी ती आईकडे येत नाही. कारण आईला आधी त्या आवडण्याचा हिशेब द्यावा लागेल.

मोकळेपणाने बोलू पाहणाऱ्या शिक्षकाची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. २०१२च्या पॉक्सो (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले. त्याखालच्या वयातला संमतीचा शरीरसंबंधही त्यामुळे गुन्हा ठरतो. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीने विश्वासाने बाईंना मित्राशी आलेल्या आपल्या शरीरसंबंधाविषयी सांगितले, तर बाईंपुढे दोनच वाटा : तिचा विश्वास मोडायचा, नाहीतर कायदा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये गर्भपातापुरती डॉक्टरांना सवलत दिली. मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर पोलिसांना तिचे नाव सांगायची गरज नाही. शाळेतल्या समुपदेशकाला तेवढीही सवलत नाही. सोळा ते अठरा वयातल्या, जबरदस्ती नसलेल्या, जवळपास समवयस्कांच्या संबंधांना कायद्याने वेगळे काढावे, असे माझे मत आहे. त्यात मुलींचा घात होईल असे म्हणणाऱ्यांची भीती मला पोकळ वाटत नाही. म्हणूनच वयातल्या अंतराची अट कडक हवी.

तोवर शिक्षकाने तासाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे : कुणी अत्याचार करत असेल तर बेधडक नाव सांगा, मी तुमच्याबरोबर पोलिसांत येईन. स्वतःच्या मैत्रीतल्या शरीरसंबंधाचे कुणी सांगितले, तर मला गप्प राहता येणार नाही, तेही ऐकून ठेवा. बाकी काहीही विचारायचे असेल तर चिठ्ठी टाका, नाव नको.