पोथी 43व्या अध्यायाशी थांबली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही कीर्तनकार की प्रवचनकार नव्हे. बी.कॉम. झालो आणि 34 वर्षं बँकेत कारकुनी केली. दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, खतावण्या लिहिल्या. शास्त्रातलं सांगण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून घरात घडलं तेच सांगतो.

नोकरीत असताना माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "रिटायर झालो की देवाचं करीन." सकाळी देवाला घाईत दोन फुलं वाहायची, डबा घ्यायचा आणि मालवणची एसटी पकडायची. गुरुवारी देवळात गेलो तरी एक डोळा घड्याळावर. संसार हा देवाच्या वाटेतला अडथळा आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

निवृत्त झालो आणि पहिल्याच मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह धरला. समाप्ती दत्तजयंतीला येईल असा हिशेब केला. हिशेबात मी कधी चुकत नसे! पहाटे पाचला सोवळं नेसून पाटावर बसायचो. मुलगा कामावर, सून शाळेत शिक्षिका, नातू दुसरीत. सकाळी सातला घरात एकच धावपळ. मिक्सर लागला किंवा नातवाने पाण्याची बाटली शोधताना आरडाओरडा केला, की मी डोळे वटारायचो. पोथी वाचणारा मी आणि विघ्न आणणारे हे सगळे, असंच मला वाटे.

माझी पत्नी मात्र पहाटे साडेतीनला उठायची. आंघोळीचं पाणी तापवणं, सडा-रांगोळी, नैवेद्य, माझं एकवेळचं जेवण आणि त्यातच बाकीच्यांचे डबे. चौथ्या दिवसापासून तिच्या पाठीत कळा येत होत्या. वायूचा त्रास म्हणून ती ओवा चावून काम करत राहिली. सहाव्या दिवशी माझे 43 अध्याय पुरे झाले आणि त्याच संध्याकाळी ती तुळशीपुढे दिवा लावताना खाली बसली ती उठेचना. अंगाला दरदरून घाम.

"अगो, सांगूक नाय कोणाक?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुमचा पारायण चालू आसा. मधीच कशाक उठवू?"

रातोरात गोव्याला नेलं. हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं." त्या दोन दिवसांत मी पाच पावलांवर बसून मोठ्याने पोथी वाचत होतो. वाचत होतो, पण स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं.

दत्तजयंतीच्या तिन्हीसांजेला आमच्या देवळात पाळणा हलला असेल, तेव्हा मी इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. दोन भित्या होत्या. एक तिची. आणि दुसरी, सांगायला लाज वाटते, पारायण मोडल्याची. सप्ताह खंडित झाला, आता काही वाईट तर होणार नाही ना? दत्तकृपेने ती वाचली. परत आल्यावर देवळातल्या भटजींना दोष विचारला. ते म्हणाले, "उठलात ते बरं केलंत. राहिलेले अध्याय सवडीने वाचा."

सवडीने वाचायला घेतला तो 44वा अध्याय. आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. गाणगापुरात एक विणकर होता. दिवसाचे तीन प्रहर तो संसारासाठी राबायचा आणि मग येऊन श्रीगुरूंचं अंगण झाडून, दुरूनच नमस्कार करून घरी जायचा. शिवरात्रीला घरचे श्रीशैलाला निघाले, तर हा म्हणाला, माझा श्रीशैल इथेच आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला क्षणात मल्लिकार्जुनाचं दर्शन घडवलं. पुढे 47व्या अध्यायातला शेतकरीही तसाच. महाराज संगमाकडे जाताना शेतातून धावत येऊन नमस्कार करायचा आणि परत कामाला लागायचा. या दोघांपैकी कोणी रिटायर होण्याची वाट पाहिली नाही!

हे अध्याय मी आधी वाचलेच नव्हते असं नाही. पण या वेळी विणकराचा झाडू वाचताना मला घरातला झाडू दिसला. माझ्या घरात 30-32 वर्षं रोज अंगण झाडलं जात होतं आणि मी ते कधी जमेला धरलं नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यातले, कुडाळ तालुक्यातल्या माणगावचे प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंब्ये स्वामी महाराज घ्या. 1854 साली जन्मलेले हे थोर दत्तावतारी पुरुष, पण तेही आधी गृहस्थ होते. 1891 साली गंगाखेडला पत्नी अन्नपूर्णाबाई निवर्तल्या, त्यानंतर त्यांनी संन्यास घेतला. तिथे आपण कोण की संसाराला विघ्न म्हणावं?

आता पहाटे मी उठतो. पाणी भरतो, खोबरं खवतो, नातवाचा डबा करतो. पहिल्या आठवड्यात पेज करपली, भाजीत मीठ दोनदा पडलं. ते आटोपलं की एक अध्याय वाचतो. मिक्सर चालू असला तरी वाचतो. बँकेत संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. तसं रात्री देवापुढे बसून आठवतो, आज माझ्यासाठी कोणी काय केलं. सुनेने न विसरता गोळ्या आणल्या. नातवाने चष्मा शोधून दिला. शेजाऱ्यांनी शहाळी पाठवली. जमेची बाजू रोज मोठीच निघते. जमलं तर त्या माणसाला तोंडावर सांगतोही. पहिल्यांदा पत्नीला "तुझे उपकार झाले" म्हटलं, तर ती हसतच सुटली. "आज काय तब्येत बरी नाय काय?" म्हणाली.

मी तिला विचारलं, तुझ्यामुळे त्या वर्षी जयंतीला देवळात जाता आलं नाही, तुला वाईट वाटलं का? ती म्हणाली, "दत्त खंय पळान जाता? तो हयच आसा."

मंडळी, या जयंतीला देवळात जरूर या, पालखीला खांदा द्या. पण निघण्यापूर्वी घरात पहाटे सर्वांत आधी कोण उठलं, आणि तिच्या पाठीत काही दुखतंय का, एवढं विचारून या.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥