भीतीची मूठ (गीता १८.३५)



आज आपण अठराव्या अध्यायातल्या पस्तिसाव्या श्लोकापाशी आलोय. धृतीचे तीन प्रकार चालू आहेत. परवा सात्त्विक धृती पाहिली, काल राजस, आज तामस.

धृती म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. आपल्या बोलण्यात हा शब्द नेहमी चांगल्या अर्थानेच येतो. 'धीर धर' असं आपण म्हणतो, त्यातही हेच धरणं आहे. पण आजच्या श्लोकात भगवंत वेगळंच काहीतरी दाखवतात. झोप, भीती, शोक, खिन्नता आणि मद या पाच गोष्टीसुद्धा माणूस तेवढ्याच चिकाटीने धरून बसतो आणि काही केल्या सोडत नाही. त्या चिकाटीला ते तामस धृती म्हणतात.

जरा थांबून बघा. आपण म्हणतो, 'मला भीतीने घेरलं', 'भीतीने पकडलं'. म्हणजे पकडणारी ती, आणि आपण बिचारे सापडलेले. श्लोक बरोबर उलटं सांगतो. भीतीने तुला पकडलेलं नाही, तू तिला पकडलं आहेस.

खरं सांगू? नुसता वाचला असता तर हा श्लोक मला थोडा कठोर वाटला असता. घाबरलेल्या माणसालाच दोष देतात की काय, असं मनात आलं असतं. पण तो मला आधी भेटला तो एका कातळावर, हातांमधून.

मला उंचीची भीती आहे. 'होती' असं लिहिलेलं नाही, आहे. बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याजवळ गेले की तळपायाला मुंग्या येतात. रायगडावर टकमक टोक मी मैत्रिणीच्या फोनमध्ये पाहिलंय. अशी मी गेल्या हिवाळ्यापासून प्रस्तरारोहण शिकतेय. आधी कृत्रिम भिंतीवर, आणि मग मुंब्र्याच्या डोंगरातल्या कातळावर. वर मुंब्रादेवीचं देऊळ, खाली लोकलचा आवाज, आणि मध्ये हा काळा बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवशिके 'टॉप रोप'वर चढतात. दोराचं एक टोक आपल्या हार्नेसला बांधलेलं असतं. तिथून दोर वर कड्याच्या माथ्यावरच्या अँकरमधून फिरून परत खाली येतो, आणि खाली उभा असलेला साथीदार त्याच्या हार्नेसला लावलेल्या उपकरणातून तो आवळत राहतो. त्याला बिलेयर म्हणतात. हात सुटला तरी आपण फार खाली जात नाही. दोर थोडा ताणतो आणि आपण तिथेच लोंबकळतो. हे सगळं मला पहिल्या दिवशी समजलं होतं. बुद्धीला पटलं होतं. तरी जमिनीपासून पंधरा फुटांवर माझे हात एक खोबण धरून बसले ते सुटेनातच.

तिथे कळलं की भीती नुसती डोक्यात नसते, ती मुठीत असते. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा कितीतरी घट्ट पकडतो. इतकं घट्ट पकडलं की कोपराखालच्या स्नायूंमधलं रक्ताभिसरण अडतं, हात फुगून दगडासारखे होतात आणि मग बोटं आपोआप उघडतात. म्हणजे पडू नये म्हणून आवळलेली मूठच शेवटी पाडते. पायांचंही तसंच. भीती सांगते, कातळाला चिकट, अंग टेकव. पण तिरक्या कातळावर असं चिकटलं की वजन पायांवरून जातं, पकड कमी होते आणि बूट घसरतात. सरळ उभं राहून वजन पायांवर टाकलं तर तोच बूट त्याच जागी ठाम बसतो.

आमचे शिकवणारे दादा खालून एकच वाक्य ओरडत असतात, "हात सैल, पायावर विश्वास!" मला तर ते आजच्या श्लोकाचं भाष्यच वाटतं.

आता मुख्य प्रश्न. भीती सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं? ती वाटूच द्यायची नाही का? आणि भक्ताला भीती वाटली तर त्याची श्रद्धा कच्ची समजायची का?

मला तसं वाटत नाही. उंचीचं भय आपल्या शरीरातच आहे. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी रांगत्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. जाड काचेचं टेबल. एका बाजूला काचेला लागूनच खाली नक्षीचं कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड बरंच खाली, म्हणजे काचेतून खोल खड्डा दिसावा असं. आई पलीकडून हाक मारायची. जागेवरून हललेल्या २७ बाळांपैकी फक्त तिघं खोल बाजूवर गेली. बाकीची थबकली, काही रडली, पण पुढे गेली नाहीत. ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही त्यांना कड्याची जाणीव आहे. ही भगवंताचीच देणगी आहे, तिला पाप म्हणण्यात अर्थ नाही.

आणि गीतेची सुरुवात आठवा. अर्जुनाचं अंग कापतंय, तोंड कोरडं पडलंय, हातातून गांडीव गळतंय, उभं राहवत नाहीये. त्याचं कारण वेगळं होतं, समोर आपलेच लोक उभे होते. पण त्या शरीराची अवस्था कातळावर अडकलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. भगवंतांनी त्याला आधी खडसावलं, हे खरं. पण नुसतं खडसावून ते थांबले नाहीत. अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. आणि शेवटी, पहिल्या अध्यायात 'मला उभं राहवत नाही' म्हणणारा तोच अर्जुन 'मी उभा आहे' असं सांगतो. समोरचं सैन्य तेवढंच आहे, बाणही तेवढेच आहेत. फरक पडलाय तो त्याच्या उभं राहण्यात.

म्हणून मला वाटतं, श्लोकातला आक्षेप भीती येण्यावर नाही, तिला न सोडण्यावर आहे. श्लोकात शब्दही 'सोडत नाही' अशाच अर्थाचा आहे.

मग कधी सोडायची? सरसकट सगळी भीती सोडली तर तो वेडेपणा होईल. इथे पाच दिवसांपूर्वीचा तिसावा श्लोक परत काढूया. सात्त्विक बुद्धी कोणती, तर जिला काय करावं आणि काय करू नये हे कळतं, आणि कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये हेही कळतं. क्रम लक्षात घ्या. आधी बुद्धीचे श्लोक आले, मग धृतीचे. आधी पारख, मग सोडणं.

सह्याद्रीत हे अगदी रोखठोक असतं. कातळावर आग्या मोहोळ दिसलं तर तिथे भ्यायचंच, आवाज न करता मागे फिरायचं. पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्याला भ्यायचं. खोबणीत हात घालण्याआधी दगड ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला तर त्याच्यावर भार टाकायचा नाही. पण अँकर तपासलाय, गाठ तपासलीय, खाली जाणता माणूस दोर धरून उभा आहे, हेल्मेट आहे, आणि तरीही मूठ सुटत नाही? तर ती भीती आता आपली राखण करत नाहीये. आपणच तिला पोसतोय.

माझ्या आईला हे माझ्याआधी समजलं होतं बहुतेक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "गीतेत लिहिलंय का गं डोंगराला लटका म्हणून?" नाही लिहिलेलं. आणि तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. हिरकणी रायगडाचा कडा उतरली अशी कथा आहे, पण तिचं तान्हं बाळ खाली होतं. माझं कुणीही खाली रडत नाहीये. कर्तव्य नसताना जोखीम घ्यायचा मला अधिकार आहे का? जीव माझा एकटीचा थोडाच आहे?

यावर मी बरंच थांबले. नुसता थरार हवा म्हणून, फोटो हवा म्हणून चढत असेन तर आईचं बरोबर आहे. श्लोकातल्या पाच गोष्टींत शेवटचा मद आहेच. एक मूठ उघडून दुसरी वळण्यात काही अर्थ नाही. पण भीतीची सवय एका जागी थांबत नाही, हेही मी पाहिलंय. कड्यापासून मागे सरकणारं मन मीटिंगमध्ये खरं बोलायच्या वेळीही मागे सरकतं. नकोसं नातं, नावडती नोकरी, द्यायचा राहिलेला नकार, सगळीकडे तीच मूठ. आणि भक्तांच्या बाबतीत तर भीती फार छान कपडे घालून येते. कधी ती 'मी समाधानी आहे' म्हणते, कधी 'देवाची इच्छा नसेल' म्हणते. खरं वैराग्य आणि घाबरून घेतलेली माघार बाहेरून अगदी सारखी दिसतात. फरक एकच. वैराग्याचा हात उघडा असतो.

ही मूठ उघडायला शिकण्यासाठी कातळ ही एक बऱ्यापैकी सुरक्षित शाळा आहे, असं माझं उत्तर झालं. आईने ते पूर्ण मान्य केलंय असं नाही. पण आता दर रविवारी पहाटे डबा देताना ती दोनच प्रश्न विचारते, "गाठ कोण तपासतं? खाली कोण उभं राहतं?" तिसाव्या श्लोकाचा याहून सोपा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही.

आता कुणी विचारेल, देवावर विश्वास आहे तर दोर कशाला? आणि दोरावर विश्वास आहे तर देव कशाला?

त्या काचेच्या टेबलाचा पुढचा प्रयोग सांगते. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. यावेळी खड्डा फार खोल दिसत नव्हता, जेमतेम फूटभर. म्हणजे बाळाला नक्की कळू नये की हे धोक्याचं आहे की नाही. एक वर्षाची बाळं कडेपर्यंत आली आणि त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा १७ पैकी एकही नाही.

आपण विठ्ठलाला माऊली म्हणतो ते उगाच नाही. पण एक बारीक गोष्ट विसरू नका. काच तिथे होतीच. आईच्या हसण्याने काच तयार झाली नाही. काच असूनही जे पाऊल उचलत नव्हतं, ते तिच्या हसण्याने उचललं गेलं. माझ्यासाठी श्रद्धा ही अशी आहे. ती गाठीच्या जागी येत नाही. गाठ तपासून झाल्यावर जी उरते ना, ती जागा तिची. चढायच्या आधी आम्ही खाली विचारतो, "ऑन बिले?" आणि खालून उत्तर येतं, "बिले ऑन!" ते उत्तर ऐकल्याशिवाय कातळाला हात लावायचा नाही, हा नियम. मी त्यानंतर मनात एकदा 'माऊली' म्हणते. दोन्ही लागतं.

आणि पाय? ते अजून कापतात. दादा म्हणतात, कापू देत, कापणारा पायसुद्धा भार घेतो.

आजचा अभ्यास: शांत बसा. उजव्या हाताची मूठ जमेल तेवढी घट्ट आवळा आणि दहा सावकाश श्वास तशीच ठेवा. काय होतं ते बघा. मग एकेक बोट उघडा. आता स्वतःची एकच भीती आठवा आणि तिला आईचे दोन प्रश्न विचारा: गाठ तपासली का? खाली कोण उभं आहे? गाठच नसेल तर ती भीती मित्र आहे, तिचं ऐका. पण गाठ पक्की असेल, तर आज फक्त एक बोट उघडा. सगळी मूठ एका दिवसात उघडत नाही, आणि तशी घाईही नाही.

माऊली, कुठे भ्यायचं ते ओळखण्याची बुद्धी दे, आणि जिथे भ्यायचं कारण उरलं नाही तिथे हात सैल करायचं बळ दे.

उद्या छत्तिसावा श्लोक, सुखाचे तीन प्रकार सुरू होतील. भेटूया.

राम कृष्ण हरी 🙏