मातीचें ऋण

ऋण म्हणजे एकानें जाणून दिलेलें आणि दुसऱ्यानें जाणून घेतलेलें द्रव्य, अशी व्यवहाराची समजूत आहे. परंतु आपल्या पूर्वजांनीं देव, ऋषि व पितर यांचीं जीं तीन ऋणें मानलीं, तीं या समजुतींत बसत नाहींत. ज्या पितरांस आपलें नांवही ठाऊक नव्हतें, त्यांचे आपण ऋणी कसे? मृत्तिकाशास्त्रांत अलीकडे जो विचारपालट झाला आहे, त्यामुळें हा जुना प्रश्न आम्हांस नव्यानें विचारावासा वाटतो.

जमिनीची सुपीकता बऱ्याच अंशीं तींतील सेंद्रिय कर्बावर अवलंबून असते. हा कर्ब येतो कोठून? वनस्पति हवेंतील कर्बवायु घेऊन आपला देह घडवितात. त्यांचीं पानें गळतात, मुळ्या कुजतात, आणि जिवंत मुळ्यांतूनही शर्करादि रस मातींत झिरपतात. पूर्वीं असें मानीत कीं, या देहांतील कुजण्यास अत्यंत चिवट भाग, म्हणजे लाकडास कठीणपणा आणणारें लिग्निन, तोच मुख्यत्वें मागें उरतो. आतां आढळून आलें आहे कीं, लिग्निनही कालांतरानें विघटन पावतें. आणि जें टिकतें, त्यांत सूक्ष्मजंतु व बुरशी यांच्या मृत देहांचा वाटा फार मोठा असतो. हे जीव वनस्पतींचे अवशेष खातात, कांहीं कर्ब श्वासावाटे हवेंत सोडतात, उरलेल्याचें शरीर करतात आणि मरतात. त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांस घट्ट चिकटून राहतात. जंतूंच्या देहभित्तींतच सांपडणारें म्युरॅमिक आम्ल मातींत मोजून शास्त्रज्ञ हा वाटा अजमावतात. वनांत तो कमी असतो. गवताळ रानांत व शेतांच्या वरच्या थरांत मात्र निम्म्याच्या आसपास भरतो.

यावर कोणी म्हणेल, "जंतु स्वतःसाठीं जगला व मेला. दात्याचा हेतु नाहीं तेथें दान नाहीं; मग ऋण कसलें?" आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. निसर्गास परोपकारी साधु ठरविणें ही कवींची रीति झाली. परंतु ऋण दात्याच्या हेतूनें उत्पन्न होत नाहीं. आपण घेतलेलें आपल्या मागून येणाऱ्यांसही लागणार आहे, यामुळें तें उत्पन्न होतें. पितृऋण पितरांस परत करावयाचें नसून संततीच्या द्वारें फेडावयाचें, असें मानण्यांत हेंच तत्त्व आहे.

फेडण्याचा मार्ग अज्ञात नाहीं. इंग्लंडांत रोदॅमस्टेड येथें गव्हाच्या एका शेतांत १८४३ सालापासून प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्यास सतत शेणखत मिळालें, त्यांतील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला. पण त्यास पिढ्या लागल्या. इकडे इंदूरास अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धति सिद्ध करून १९३१ सालीं ग्रंथरूपानें मांडली. मग शेण चुलींत कां जातें, काडी शेतांतच कां जाळतात? दुसरें जळण नाहीं म्हणून. पुढच्या पेरणीस वेळ नाहीं म्हणून. एका सालापुरती खंडानें घेतलेली जमीन पुढच्या पिढीसाठीं राखणें परवडत नाहीं म्हणून. ज्यास आजच्या भाकरीची विवंचना आहे, त्यालाच भूमिऋणाचा उपदेश करणें आम्हांस शोभत नाहीं.

तेव्हां ऋणको कोण? आमच्या मतें, जो खातो तो. दुकानदारास पैसे मोजले कीं हिशेब मिटला, असें आपण शहरवासी समजतों. परंतु त्या किंमतींत जमिनीची झीज क्वचितच धरलेली असते. घरांतल्या उष्ट्याखरकट्याचें खत होऊन तें शेतापर्यंत पोंचावें, आणि खत घालणें परवडेल असा भाव धान्यास मिळावा, यासाठीं थोडी तोशीस सोसणें हें आपलें कर्तव्य होय. धनको तगादा लावीत नाहीं म्हणून ऋण बुडविणाऱ्यास व्यवहारांत काय म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नको.