वचन आणि त्याचा शेजार

मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत १९४७ मध्ये सापडलेली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी सव्वासात मीटरहून लांब आहे. चामड्याचे सतरा तुकडे एकमेकांना शिवून ती केलेली आहे. मजकुराचे ५४ स्तंभ आहेत, पण अध्याय नाहीत की वचनांचे क्रमांक नाहीत. हवी ती जागा गाठायची तर मधला मजकूर डोळ्यांखालून घालतच जावे लागे. फोनवरच्या बायबलला ‘नवी गुंडाळी’ म्हणतात, ते ऐकायला बरे वाटते पण खरे नाही. गुंडाळी वाचकाला क्रम सोडू देत नाही. फोनला क्रमाशी काही देणेघेणे नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी गुंडाळी सोडून कोडेक्स, म्हणजे पाने शिवलेली वही, लवकर उचलली. वहीत दोन ठिकाणी बोटे घालून ठेवता येतात, त्यामुळे संदेष्ट्याचे भाकीत आणि शुभवर्तमानातला त्याचा उल्लेख एका बैठकीत ताडून पाहता येऊ लागला. तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांची अध्यायांची विभागणी आली. त्याच शतकात ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली पॅरिसच्या डोमिनिकन मठवासीयांनी बायबलची शब्दसूची तयार केली; आजच्या अॅपमधला शोध हा तिचाच वंशज. पुढे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने ग्रीक नव्या कराराच्या वचनांना क्रमांक दिले आणि १५६० च्या जिनिव्हा बायबलात प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापले गेले. तेव्हा बायबलचे तुकडे मोबाइलने केले, ही तक्रार साडेचारशे वर्षे उशिराची आहे. छापखान्याने वचन सुटे केले, पण शेजाऱ्यांसकट एकाच पानावर ठेवले. फोनने ते पानावरून उचलले.

यूव्हर्जन हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमातील एका चर्चचे बायबल अॅप २००८ मध्ये फोनवर आले. अशा अॅपवर रोज ‘आजचे वचन’ दिसते, आणि यिर्मया २९:११ हे त्यासाठी फार लाडके. देवाच्या मनात तुमच्या हिताचेच बेत आहेत, असा त्याचा आशय. फुलांच्या चित्रावर ते छान शोभते आणि परीक्षेला निघालेल्या मुलाला पाठवले जाते. छापील पानावर मात्र नजर सहज एक ओळ वर जाते. तिथे बाबेलची सत्तर वर्षे सांगितली आहेत. आणखी वर, घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, असे यिर्मयाने पत्रातून बाबेलमधल्या बंदिवानांना बजावले आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचे आश्वासन देतो आणि खोटा ठरतो. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. दिलासा खोटा नाही, पण तो दीर्घ मुदतीचा आहे. मुदत फोनच्या चौकटीबाहेर राहते.

वाचनाविषयीचे संशोधनही इथे उपयोगी पडते, मात्र जपून. ५४ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०१८ च्या एका विश्लेषणात माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे दिसले. निव्वळ कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नाही. बायबलवर हे बेतायचे तर रूथची गोष्ट पडद्यावर वाचून फारसे बिघडू नये. रोमकरांस पत्रातला पायरीपायरीने चढत जाणारा युक्तिवाद मात्र कागदावर वाचलेला बरा. शिवाय अनेक ख्रिस्ती घरांत बायबलच्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्ने यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. आजीने पेन्सिलीने ओढलेली रेघ नातवाला सापडते, ती जुन्या फोनबरोबर मोडीत जात नाही.

तरीही पडद्याला नाके मुरडणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. बायबल एका खंडात मावावे म्हणून कागद पातळ आणि टाइप बारीक झाला. मोतीबिंदू झालेल्या वाचकाला अक्षर मोठे करता येणे किंवा अध्याय ऐकता येणे ही चैन नव्हे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पुरे झालेले भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ताडून पाहायचे तर दोन जाड ग्रंथ टेबलावर उघडे ठेवावे लागतात. जी भाषांतरे पडद्यावर आली आहेत, त्यांच्यासाठी तेच काम दोन रकान्यांत होते. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकसची पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनायचा मठ अशी चार ठिकाणी विखुरलेली आहेत. २००९ मध्ये ती एकत्र आली ती संकेतस्थळावरच.

शोधण्याचे आणि ताडण्याचे काम असे पडद्याकडे गेल्यावर छापील ग्रंथाला आकड्यांची पूर्वीइतकी गरज उरली नाही. अॅडम ल्यूइस ग्रीन या अमेरिकी संकल्पकाने २०१४ मध्ये ‘बिब्लिओथेका’ या बहुखंडी बायबलसाठी लोकवर्गणी मागितली. ३७ हजार डॉलर हवे होते. १४ लाखांहून अधिक जमले. या बायबलात अध्यायांचे आणि वचनांचे क्रमांकच नाहीत. हनन्याची हकिकत संपते आणि तिला लागूनच यिर्मयाचे पत्र सुरू होते.