संगमावरचे पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात पाणी आहे, मधमाशीही आहे. पाणी स्वतः निर्मळ आणि दुसऱ्यालाही निर्मळ करणारे. मधमाशी प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेते, फूल मोडत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये. हे मी अनेकांना सांगितले. पण स्वतः तसा वागलो का?

आमच्या चिंचवडच्या सोसायटीचा मी खजिनदार होतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे वीजबिल जड जाई. मीच सुचवले, रात्री ब्लोअर बंद ठेवू. प्लांटवरचा मुलगा म्हणाला, "काका, टाकीतले जीवाणू हवेवर जगतात. हवा थांबली की ते मरतात, घाण तशीच पुढे जाते." मी म्हटले, "अरे, एवढ्याने काय होतंय!" बिल उतरले, सभेत टाळ्या मिळाल्या.

पुढे गाणगापूरला गेलो. भीमा-अमरजा संगमावर ओंजळीत पाणी घेतले आणि हात थांबला. आमची पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा-मुठा भीमेला मिळते. आळंदीची इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. तीच भीमा उजनी, पंढरपूर करत इथे येते. म्हणजे मी ज्या नदीत घाण सोडली, तिच्यातच पुण्य घ्यायला उतरलो होतो!

नदी स्वतःला थोडेफार शुद्ध करते, हे खरे. पण तिच्या ताकदीबाहेर भार घातला की जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू सरतो, मासे मरतात. इंद्रायणीवर फेस दिसला की आपण कारखान्यांना बोल लावतो. त्यांनी नियम पाळलेच पाहिजेत. पण साबण आणि मैला आपल्या घरातूनही जातो ना?

परत येऊन सभेत चूक कबूल केली. मेंटेनन्स वाढला, दोघा-तिघांनी बोलणे टाकले. प्लांट मात्र आता रात्रंदिवस चालतो.

या जयंतीला पादुकांवर पाणी घालण्याआधी आपल्या घरचे पाणी कुठे जाते, एवढे विचारून या. चाकण-भोसरीत नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीतही विचारा. पाणी हा अवधूतांचा गुरू. गुरूच्या अंगावर आपण काय ओततो, ते पाहू या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥