भैरवाच्या हातातली कवटी

मावशीचं घर उज्जैनला, शिंदेशाहीत इथे आलेल्या मराठी घरांपैकी एक. महाकालाच्या भस्मारतीहून परतताना मी विचारलं, "१५ जुलै १९९६ ची सोमवती अमावस्या आठवते?"

"न आठवायला काय झालं? महाकालाच्या देवळात तीसवर माणसं चेंगरून मेली. त्याच दिवशी हरिद्वारलाही तसंच."

"दर्शनाला आलेली माणसं, मावशी. दारात आलेल्याला घरधन्यानं मरू दिलं, तर आपण त्याला काय म्हणू?"

"हे देऊळ राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी बांधलं. दारं माणसांची, बंदोबस्त माणसांचा. देवाला जाब विचारलास की माणसं सुटतात."

हे मला पटलं. 'देवाची इच्छा' म्हटलं की चौकशी तिथेच थांबते. तरी मन मानेना. "वाचलेले म्हणतात, महाकालानं वाचवलं. वाचवल्याचं श्रेय त्याला, मग मेलेल्यांचा हिशेब कुणाकडे मागायचा?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्याचा न्याय आपल्या अकलेपलीकडचा असेल."

"असेल. मग त्याला दयाळू तरी कुठल्या अकलेनं म्हणतेस? दया हा शब्द आपला. ज्या मापानं स्तुती करायची, त्याच मापानं दोष मोजला तर ते पाप कसं?"

एरवी अशा बोलण्यावर ती चिडते. आज म्हणाली, "चल, कालभैरवाला जाऊन येऊ." रिक्षात तिनं लहानपणी सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली. भैरव म्हणजे शिवाचंच रूप. ब्रह्मदेवाला गर्व झाला म्हणून भैरवानं त्याचं पाचवं डोकं उडवलं. कारण रास्त होतं, तरी ब्रह्महत्या लागली ती लागलीच. कवटी हाताला चिकटली, आणि साक्षात देव भीक मागत दारोदार हिंडला.

"गोष्ट रचणाऱ्यांना देवाला सूट देता आली असती," मावशी म्हणाली. "दिली नाही. म्हणून विचार तू, खुशाल विचार. जनाबाई विठोबाला शिव्या द्यायची, पण त्याच्याच भक्तीत राहून. तशी विचार."

मी तिच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, तिची श्रद्धा प्रश्नांना घाबरते. ती माझ्या परकेपणाला घाबरत होती.

भैरवाच्या हातातली कवटी काशीला गळून पडली. त्या तीर्थाला कपालमोचन म्हणतात. १९९६ च्या मृतांचा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. मावशीनंही, मागे घे, असं म्हटलेलं नाही.